मोटरवालं टर्नटेबल लाइनीला लागत नाही, दरवेळी वेगळीच चूक, आता काय तपासू?

रूळवेडा:

नमस्कार मंडळी, गेले तीन आठवडे एकाच ठिकाणी अडकलोय म्हणून शेवटी लिहितोय, थोडं लांबलंय पण सगळं एकदम सांगतो म्हणजे परत परत विचारावं लागणार नाही.

एचओ स्केलचा मॉडेल रेल्वेचा लेआउट आहे, टर्नटेबल, म्हणजे इंजिन वळवून हव्या त्या लाइनीला लावणारा फिरता पूल (ब्रिज), घरीच बनवलंय. ब्रिज बरोबर ३०० मिमी, नऊ लाइनी, दोन लाइनींमध्ये १५ अंश. मधल्या शाफ्टला खालून २८बीवायजे-४८ स्टेपर मोटर (मोजून एकेक स्टेप फिरणारी) थेट जोडलीय, सोबत तिला करंट देणारा यूएलएन२००३ वाला बोर्ड आणि कोड चालवायला अर्डुइनो नॅनो. शाफ्टवर एक चकती आहे, तिच्यावर छोटं चुंबक आणि खाली पिटच्या (ब्रिज फिरतो त्या गोल खड्ड्याच्या) तळाला ते चुंबक ओळखणारा ए३१४४ हॉल सेन्सर, होमसाठी, म्हणजे मोजणी जिथून सुरू होते ती जागा कळायला. ब्रिजच्या रुळांना करंट दोन स्लिप रिंग (ब्रिज फिरतानाही करंट पोचवणाऱ्या गोल कड्या) आणि फॉस्फर ब्रॉन्झच्या तारांचे वायपर वापरून दिलाय. लेआउट डीसीसीवर आहे, म्हणजे रुळांतूनच इंजिनांना करंट आणि डिजिटल आदेश जातात. नॅनोला पण वेगळी सप्लाय दिली नाहीये, डीसीसीच्या बसमधूनच (मुख्य तारांमधूनच) ब्रिज रेक्टिफायर आणि एक रेग्युलेटर लावून ५ व्होल्ट काढलेत.

आता त्रास सांगतो. सकाळी चालू केलं, होम केलं की सगळ्या नऊ लाइनी अगदी बरोबर लागतात, मी खुश. मग अर्धा तास इंजिनं आत बाहेर केली की ब्रिज चुकायला लागतो, कधी २-३ मिमी, कधी ५, आणि कधी कधी तर अख्ख्या एका लाइनीने चुकतो. इंजिन ब्रिजवर चढताना पुढची चाकं उतरतात. दुसरं म्हणजे शॉर्ट. ५ नंबरच्या लाइनीवर काल सकाळी इंजिन नीट गेलं, दुपारी त्याच लाइनीवर, त्याच इंजिनाने ब्रिजवर पाय ठेवल्या ठेवल्या बूस्टर (रुळांना करंट देणारा डबा) ट्रिप, म्हणजे बंद. तिसरं, होमचं बटण दाबलं की कधी कधी चुंबक कुठेच जवळ नसताना ब्रिज मध्येच थांबतो आणि म्हणतो हेच होम.

कोडमध्ये एका फेरीला ४०९६ हाफ स्टेप (मोटरच्या अर्ध्या स्टेप) धरलेत, आणि ज्या बाजूने जवळ पडेल त्या बाजूने ब्रिज फिरतो. चालू केल्यावर आपोआप होम होत नाही, चालू होताना समोर १ नंबरची लाइन आहे असं तो धरून चालतो.

मोटर बदलली, बोर्ड बदलला, तारा बदलल्या. काहीच फरक नाही. मन लावून बनवलंय हो हे, पिटची भिंतसुद्धा एकेक वीट कोरून केलीय, त्यामुळे सोडून द्यायची इच्छा नाही.

धूरगाडी:

सगळ्यात आधी शाफ्ट आणि कपलिंगच्या जोडावर पर्मनंट मार्करने एक सरळ रेघ मार, दोन्हीवरून जाईल अशी, आणि तासभर चालव. रेघ तुटली म्हणजे कपलिंग शाफ्टवर आवळणारा ग्रब स्क्रू घसरतोय. या मोटरच्या शाफ्टला दोन बाजूंनी सपाट भाग असतो, स्क्रू त्या सपाटावरच बसला पाहिजे, गोल भागावर कितीही आवळला तरी हळूहळू सरकतो. माझ्याकडे असंच झालं होतं आणि मी महिनाभर कोडमध्ये चूक शोधत होतो.

रूळवेडा:

धन्यवाद दादा, रेघ मारून बघितली, दीड तासानंतर पण जशीच्या तशी. म्हणजे जोड पक्का आहे.

जुनीशेड:

तुमचं टर्नटेबल बिघडलेलं नाहीये, त्यात तीन-चार वेगवेगळ्या चुका एकमेकींत मिसळल्यात, आणि तुम्ही त्या सगळ्या मिळून एकच आहे असं धरून पार्ट बदलत बसलात. पार्ट बदलणं आता थांबवा. आधी चूक मोजा. किती चुकतंय त्यापेक्षा कसं चुकतंय ते महत्त्वाचं आहे.

एक करा. ब्रिजच्या टोकाला मधोमध एक टाचणी आडवी चिकटवा, टोक बाहेरच्या बाजूला. पिटच्या कडेला १ नंबरच्या लाइनीसमोर मिलिमीटरच्या खुणांची कागदी पट्टी लावा. इंजिन नको, रुळात करंट पण नको, नॅनोला तात्पुरती वेगळी ५ व्होल्टची सप्लाय द्या. आता होम करून १ वर या आणि टाचणी कुठे आहे ते लिहा. मग १ वरून ४ वर जा आणि परत १ वर या, असं दहा वेळा, दरवेळी आकडा लिहा. त्यानंतर परत होम करा आणि एकाच दिशेने पूर्ण फेरी मारून १ वर या, मग दुसरी फेरी, तिसरी फेरी, तेही लिहा. शेवटी ब्रिज उभा असताना बोटाने टोकाला अगदी हलकं इकडे तिकडे ढकला, मोटर चालू असताना, आणि टाचणी किती हलते ते बघा.

याचं कारण असं. गिअरमधल्या प्लेमुळे, म्हणजे दातांमधल्या मोकळ्या जागेमुळे, होणारी चूक कायम तेवढीच राहते, दहा वेळा गेलात तरी वाढत नाही, फक्त कुठल्या बाजूने आलात त्यावर ती दिसते किंवा दिसत नाही. फेरीचे स्टेप चुकीचे धरले असतील तर चूक फेरीमागे सारखी वाढत जाते, पहिलीला जेवढी त्याच्या दुप्पट दुसरीला. आणि मोटर स्टेप गाळत असेल, म्हणजे कुठेतरी घासतंय, अडतंय, वेग जास्त आहे, तर आकड्यांना काही ताळच नसतो. हे तीन प्रकार डोळ्यांनी सारखेच दिसतात, कागदावर लिहिले की लगेच वेगळे होतात.

रूळवेडा:

काका, तुम्ही सांगितलं तसं केलं, आकडे देतो.

१ वरून ४ आणि परत: टाचणी ३ मिमी बाजूला. दुसऱ्यांदा ३. दहाव्यांदा पण ३, जरा कमी जास्त असेल पण वाढत नाहीये.

एकाच दिशेने फेऱ्या: पहिलीनंतर साडेचार मिमी पुढे, दुसरीनंतर ९ च्या थोडं वर, तिसरीनंतर १४. म्हणजे दरवेळी पुढेच जातोय.

बोटाने ढकलल्यावर साधारण ३ मिमी मोकळा हलतो, मोटरला करंट असूनसुद्धा.

स्टेपरवाली:

जुनीशेड काकांची परीक्षा एकदम नेमकी लागली. तुझा फेरीमागचा आकडा बघितला आणि लगेच कळलं, हे मी स्वतः भोगलंय.

ही मोटर विकताना सगळीकडे गिअर १:६४ असं लिहिलेलं असतं आणि म्हणून सगळे मोटरच्या आतल्या एका फेरीचे ६४ हाफ स्टेप गुणिले ६४ करून ४०९६ धरतात. पण गिअरबॉक्स उघडून दात मोजले तर जोड्या निघतात ३२ला ९, २२ला ११, २६ला ९ आणि ३१ला १०. हे सगळं गुणलं की ६४ येत नाही, ६३.६८ च्या आसपास येतं. म्हणजे एका फेरीला ४०९६ हाफ स्टेप नाहीत, साधारण ४०७५.७७ आहेत. तू दर फेरीला वीस स्टेप जास्त देतोयस. आता हिशोब बघ, ३०० मिमीच्या ब्रिजचा परीघ ९४२ मिमी, म्हणजे एक हाफ स्टेप टोकाला ०.२३ मिमी, गुणिले वीस, साडेचार-पावणेपाच मिमी. तुझ्या कागदावर हेच आलंय ना?

आणि हे तुला रोज वेगळं का दिसत होतं तेही सांगते. तू जवळच्या बाजूने फिरवतोस. सकाळी १ वरून ४, ४ वरून २, २ वरून १ असं केलंस तर ब्रिज जेवढा पुढे तेवढा मागे येतो आणि ही चूक आपोआप पुसली जाते, फक्त प्लेचे ३ मिमी दिसतात. पण इंजिन वळवायला अर्धी फेरी एकीकडून आणि पुढची अर्धी पण तिकडूनच झाली की एक पूर्ण फेरी जमा होते आणि कोड शून्य ओलांडताना ४०९६ वजा करतो, खरे तर ४०७५.७७ करायला हवे. म्हणून चूक कुठल्या दिवशी तू कशा गाड्या फिरवल्यास त्यावर अवलंबून होती. तुला वाटलं मोटर लहरी आहे, ती बिचारी सांगितलं तेवढंच फिरत होती.

फक्त माझा आकडा डोळे झाकून घेऊ नकोस, या मोटरच्या नावाखाली वेगवेगळे गिअर असलेले नग मिळतात. तुझ्याकडे हॉल सेन्सर आहे, त्याचाच उपयोग कर. एकाच दिशेने हळू फिरव, सेन्सर लागल्या क्षणापासून स्टेप मोजायला सुरू कर आणि दहा फेऱ्यांनंतर सेन्सर परत लागेल तेव्हा थांबव. आलेल्या आकड्याला दहाने भाग. सेन्सर कायम एकाच बाजूने लागू दे, कारण चुंबक जवळ येताना ज्या जागी तो चालू होतो आणि दुसऱ्या बाजूने येताना ज्या जागी चालू होतो त्या दोन जागा वेगळ्या असतात, चुंबकाची रुंदी मध्ये येते.

मिळालेला आकडा अपूर्णांकासकट ठेव. लाइनीची जागा काढताना आधी अपूर्णांकातच हिशोब कर आणि अगदी शेवटी मोटरला देताना पूर्णांक कर. आणि ब्रिज फिरताना चुंबकावरून नेहमीच्या दिशेने गेला की तिथेच मोजणी परत शून्याला आण, मग उरलीसुरली चूक पण जमा होणार नाही.

राहिले ते ३ मिमी. ते कोडने जातात, त्यासाठी मोटर बदलायला नको. सगळ्या लाइनींना एकाच बाजूने पोचायचं. समज घड्याळाच्या दिशेने पोचायचं ठरवलंस, तर उलट्या बाजूने येताना लाइन ओलांडून ४० स्टेप पुढे जा, थांब, आणि मग घड्याळाच्या दिशेने परत ये. ३ मिमी म्हणजे तेरा-चौदा स्टेप, त्यामुळे ४० भरपूर झाले.

नेमासतरा:

माझं मत वेगळं आहे. ही मोटर खेळण्यातली आहे, एसीच्या फ्लॅप फिरवायला वापरतात ती, हिच्यावर एवढी मेहनत करण्यापेक्षा सरळ नेमा १७ स्टेपर मोटर लाव, ए४९८८ ड्रायव्हर लाव आणि विषय संपव. नेमाला गिअरबॉक्सच नाही तर प्ले कुठून येणार.

स्टेपरवाली:

नेमा चांगलीच आहे, माझ्या पुढच्या टर्नटेबलला मी तीच लावली. पण थेट शाफ्टला लावली तर विषय संपत नाही, दुसरा सुरू होतो. नेमा १७ चे फेरीला २०० पूर्ण स्टेप, म्हणजे त्याच्या ब्रिजवर एक स्टेप ४.७ मिमी. एका स्टेपचे १६ मायक्रोस्टेप, म्हणजे बारीक तुकडे, केले तरी ३२०० होतात, म्हणजे ०.२९ मिमी, जे त्याच्या आत्ताच्या ०.२३ पेक्षा जाडच आहे. आणि मायक्रोस्टेपमध्ये उभी असताना करंट बंद केला की रोटर जवळच्या पूर्ण स्टेपकडे सरकतो, तेवढ्यात ब्रिजचं टोक दोन-सव्वादोन मिमीपर्यंत हलू शकतं. आवाज आणि उष्णता नको म्हणून लोक थांबल्यावर ड्रायव्हर बंद करतात आणि मग इंजिन चढताना पडतं.

नेमा लावायचीच तर बेल्टने. जीटी२ बेल्ट, मोटरवर २० दातांची पुली आणि शाफ्टवर ६० दातांची. तीन पट रिडक्शन मिळतं, ९६०० मायक्रोस्टेप, टोकाला ०.१ मिमी. बेल्ट ताणून बसवला की प्ले नावालाच राहतो.

नेमासतरा:

हो, बेल्ट सांगायचा राहिला, माझ्याकडे बेल्टच आहे. थेट जोडून मी कधी बघितलं नव्हतं, तुमचा करंट बंद करायचा मुद्दा पटला. माझा ड्रायव्हर कायम चालू असतो, करंट लिमिट कमी ठेवलंय म्हणून मोटर कोमट राहते.

लालकाळीतार:

शॉर्टबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी घेतो. रूळवेडा, एक सांग, तुझ्या ब्रिजवर एका टोकाला केबिन आहे का? आणि ५ नंबरवर सकाळी केबिनचं टोक होतं की दुपारी?

रूळवेडा:

केबिन आहे. आता आठवून बघितलं तर दुपारी इंजिन वळवून घेतलं होतं, त्यामुळे केबिन पलीकडे होती. म्हणजे शॉर्ट झालं तेव्हा बिनकेबिनचं टोक ५ वर होतं. आत्ता मुद्दाम ३ आणि ८ वर पण करून बघितलं, केबिनचं टोक असेल तर शॉर्ट नाही, दुसरं टोक असेल तर प्रत्येक लाइनीवर शॉर्ट!

लालकाळीतार:

मग झालं. तुझ्या वायरिंगमध्ये बिघाड नाही, टर्नटेबलचा स्वभावच तो आहे. पिटच्या मध्यावर उभं राहून बाहेर बघतोयस अशी कल्पना कर. प्रत्येक लाइनीचा उजवा रूळ तू लाल तारेला जोडलायस, चांगलं केलंस. केबिनच्या टोकाकडे तोंड केलं की ब्रिजचा उजवा रूळ पण लाल. आता पाठ फिरव आणि दुसऱ्या टोकाकडे बघ, तोच लाल रूळ डाव्या हाताला गेला. स्लिप रिंग पूर्ण गोल असल्यामुळे ब्रिज कसाही फिरला तरी ते बदलत नाही. म्हणून दुसरं टोक लाइनीला लागलं की लालसमोर काळा येतो आणि इंजिनाच्या चाकांनी दोन्ही जोडले की बूस्टर ट्रिप.

उपाय दोन-तीन आहेत. एक म्हणजे स्लिप रिंग मधून कापून दोन अर्ध्या करायच्या, अर्ध्या फेरीनंतर आपोआप उलटतं, पण मग कापलेली जागा जिथे एकही लाइन नाही अशा दिशेला आणावी लागते आणि पिटच्या दोन बाजूंच्या लाइनी त्या हिशोबाने जोडाव्या लागतात. तुझ्या नऊ लाइनी तयार आहेत, तो खटाटोप नको. दुसरा म्हणजे डीसीसीचा ऑटो रिव्हर्सर, फक्त ब्रिजपुरता. शॉर्ट दिसला की तो बूस्टरच्या आधी उलटवतो, मात्र त्याची ट्रिप होण्याची मर्यादा बूस्टरपेक्षा कमी ठेवावी लागते, नाहीतर बूस्टरच आधी पडतो आणि लोक म्हणतात रिव्हर्सर खराब आहे.

पण तुझ्याकडे तिसरा उपाय फुकटात बसलाय. कुठलं टोक लाइनीला लावायचं हे तुझ्या कोडला आधीच माहीत असतं. एक डबल पोल डबल थ्रो रिले (कोडने दोन्ही तारा एकदम उलटवणारा स्विच) घे, ब्रिजला जाणाऱ्या दोन तारा त्यातून ने, आणि केबिनचं टोक असेल तर रिले बंद, दुसरं टोक असेल तर चालू. ब्रिज फिरत असताना, म्हणजे कुठल्याच लाइनीला टेकलेला नसताना, रिले बदल. डीसीसीत ब्रिजवर उभ्या इंजिनाला या उलटापालटीने दिशा बदलल्यासारखं होत नाही, इंजिनातल्या डीकोडरला दोन्ही सारखंच. साध्या डीसीवर असतास तर वेगळा विचार करावा लागला असता.

आता यातलं सगळ्यात महत्त्वाचं. तू नॅनोला बसमधून सप्लाय दिलीस. म्हणजे शॉर्ट झाला, बूस्टर पडला, नॅनो पण पडला. बूस्टर परत चालू झाला, नॅनो पण चालू झाला, आणि तू लिहिलंयस की चालू होताना तो समोर १ नंबर आहे असं धरतो. ब्रिज उभा असतो ५ वर आणि तो म्हणतो मी १ वर आहे. तुझं ते अख्ख्या लाइनीने चुकणं हेच आहे. वेगळी सप्लाय दे, निदान १ अँपिअरची, मोटरच्या दोन कॉइल मिळून दोनेकशे मिलिअँपिअर सहज खातात, रिले वेगळा. मोटरचं ५ व्होल्ट नॅनोच्या पिनमधून घेऊ नकोस, सप्लायवरून सरळ यूएलएनच्या बोर्डाला ने, फक्त ग्राउंड दोघांचं एक ठेव. आणि चालू झाल्यावर पहिलं काम होम, विचारायचंच नाही.

मध्येच थांबणारं होम पण बहुतेक तारांचंच आहे. हॉल सेन्सरची तार किती लांब आणि कशाशेजारून नेलीस?

रूळवेडा:

साठ सेंटिमीटर असेल, आणि हो, बसच्या तारांबरोबर एकाच झिप टायमध्ये बांधलीय, नीटनेटकं दिसावं म्हणून. पुलअप (तार ५ व्होल्टकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) वेगळा लावला नाही, नॅनोचा आतलाच वापरलाय.

लालकाळीतार:

मग सोड तो झिप टाय आजच्या आज. ए३१४४ चं आउटपुट ओपन कलेक्टर असतं, चुंबक नसताना ती तार फक्त पुलअपच्या जोरावर वर राहते, आणि नॅनोचा आतला पुलअप २० ते ५० किलोओहमचा, फारच मवाळ. शेजारून डीसीसी जातंय, म्हणजे सेकंदाला हजारो वेळा उलटणारी चौकोनी लहर, ती त्या तारेत उतरते आणि नॅनोला वाटतं चुंबक आलं. तार बसपासून लांब ने, ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांड, तिन्ही तारा एकमेकींवर पिळून घे. नॅनोजवळ ४.७ किलोओहमचा पुलअप आणि आउटपुट ते ग्राउंड १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. कोडमध्ये पण एकदा दिसलं म्हणून विश्वास ठेवू नकोस, लागोपाठ चार-पाच वेळा दिसलं तरच होम धर.

जुनीशेड:

सगळं बरोबर चाललंय. कोड आणि तारा झाल्या की एक यांत्रिक गोष्ट बघा, कारण ती आत्ता बाकी चुकांखाली झाकलेली असेल. केबिनचं टोक १ ला अगदी बरोबर लावा. मग बरोबर अर्धी फेरी फिरवून दुसरं टोक १ ला आणा. टाचणी दोन्ही टोकांना लावा. दुसरं टोक बाजूला दिसलं तर ब्रिजवरचे रूळ शाफ्टच्या मध्यावरून जात नाहीयेत, जेवढं दिसेल त्याच्या निम्मे ते सरकलेले आहेत. ही चूक कोडमध्ये प्रत्येक टोकाला वेगळा आकडा देऊन लपवता येते, पुष्कळ जण तेच करतात. मला ते पटत नाही. आकड्याने रुळाचं टोक समोर येतं पण ब्रिज किंचित तिरका उभा राहतो, सांध्यावर बारीक कोन पडतो आणि लांब इंजिनं तिथे झटका खातात. रूळ उपटून नीट लावा.

आणि तो ३ मिमीचा प्ले. एका बाजूने पोचून ब्रिज जागेवर येईल, पण इंजिन चढताना त्याला त्या प्लेमध्ये ढकलू शकतं, कारण मोटरने तो फक्त एका बाजूने धरलाय. खऱ्या टर्नटेबलला टोकाला लोखंडी बोल्ट असतो, ब्रिज लाइनीला लावला की तो सरकवून कुलूप घालतात आणि मगच इंजिन घेतात. तुम्ही एका छोट्या सर्व्होने पितळी पिन पुढे मागे करून तेच करू शकता, पिनचं टोक निमुळतं करायचं आणि प्रत्येक लाइनीखाली भोक. एवढं नको असेल तर शाफ्टच्या चकतीखाली फेल्टची एक गोल पट्टी लावा, हलकं घर्षण राहिलं पाहिजे. हलकं म्हणतोय, फार दाबलं तर ती छोटी मोटर स्टेप गाळायला लागेल आणि मग तुमच्या कागदावर तिसऱ्या प्रकारचे आकडे येतील.

ब्रिजची चाकं पिटच्या रुळावर किती वजन घेतात तेही बघा. वजन मधल्या बेअरिंगवर असावं, टोकाची चाकं फक्त टेकलेली. चाकांवर वजन आलं की पिटचा रूळ जिथे जरा वर असेल तिथे ब्रिज अडतो.

रूळवेडा:

मंडळी, दहा दिवसांनी येतोय, मधल्या काळात सगळं एकेक करून केलं, प्रत्येक बदलानंतर टाचणी आणि कागद. आधीच असं केलं असतं तर तीन आठवडे वाचले असते.

ताई, दहा फेऱ्यांचे स्टेप मोजले, तीन वेळा मोजले, ४०,७५७, ४०,७५८ आणि परत ४०,७५७. तुमच्या आकड्याला जाऊन टेकलं. अपूर्णांकात ठेवलं, चुंबकावरून जाताना शून्य करतोय, आणि सगळ्या लाइनींना घड्याळाच्या दिशेने पोचतोय. एकाच दिशेने पाच फेऱ्या मारल्या, टाचणी जागच्या जागी, फरक असलाच तर जाड कागदाएवढा.

लालकाळीतार, वेगळी सप्लाय, रिले, पुलअप, कपॅसिटर सगळं लावलं. खोटं होम गेल्या दहा दिवसांत एकदाही नाही. रिले ब्रिज लाइन सोडून ५० स्टेप गेला की बदलतो. फक्त एक झालं, पहिल्या दिवशी रिले उलटा जोडला गेला आणि केबिनच्या टोकाला शॉर्ट यायला लागले, पण यावेळी कारण माहीत असल्यामुळे पाच मिनिटांत सापडलं, आणि बूस्टर पडला तरी नॅनो जिवंत होता, ब्रिजची जागा हलली नाही. हे बघून फार बरं वाटलं.

काका, तुमची शंका खरी निघाली. अर्ध्या फेरीनंतर १.२ मिमीचा फरक होता. ब्रिजवरचे दोन्ही रूळ सोल्डर काढून ०.६ मिमी सरकवले, ट्रॅक गेज लावून १६.५ तपासत तपासत परत बसवले, अख्खा रविवार गेला. आता दोन्ही टोकं एकाच आकड्यावर लागतात. फेल्टची पट्टी लावलीय, बोटाने ढकलला तर ब्रिज आपणहून हलत नाही, मुद्दाम जोर द्यावा लागतो. पिनचं कुलूप नंतर करीन, ते मला मनापासून करायचंच आहे.

आता फक्त ६ नंबरच्या लाइनीवर एक जड इंजिन चढताना टक असा आवाज येतो, बाकी आठ लाइनींवर नाही, टाचणी बरोबर आहे.

जुनीशेड:

आडवं बरोबर आहे म्हणजे उभं बघा. सांध्यावर पोलादी पट्टी उभी ठेवून मागून टॉर्च लावा, खालून उजेड दिसला तर त्या बाजूचा रूळ खाली आहे. ब्रिज इंजिनाच्या वजनाने किंचित दबतो, त्यामुळे रिकामा आणि इंजिनासकट, दोन्ही वेळा बघा. रुळांच्या टोकांच्या आतल्या कडा पण बारीक कानशीने किंचित तिरक्या करा, नऊच्या नऊ लाइनींच्या आणि ब्रिजच्या दोन्ही टोकांच्या, चाकाच्या फ्लँजला वाट मिळते.

रूळवेडा:

उजेड दिसला काका, डाव्या रुळाखाली, ६ ची लाइनच जरा खाली बसलीय. स्लीपरखाली पत्रिकेच्या जाडीच्या कार्डाचा एक तुकडा सरकवला आणि कडा घासल्या. टक गेला. आत्ता तेच इंजिन ६ वरून ब्रिजवर, ब्रिजवरून २ वर, परत वळून ६ वर असं अकरा वेळा केलं, एकदाही उतरलं नाही.